बारा ट्रकांची वेणी

माझे केस कुरळे आहेत असं म्हटलं की लोकांना गालावर रुळणारी एखादी गोड बट डोळ्यांपुढे येते. तसं काही नाही. माझ्या डोक्यावर मेथीच्या दाण्याएवढ्या वळ्या आहेत, एकीला एक लागून. शाळेत मी केसांत पेन्सिल खोचायची आणि ती संध्याकाळपर्यंत जागची हलायची नाही. कोरड्या केसांत फणी घातली तर केस तुटत नसत, फणीचे दात तुटत. आमच्या घरातल्या तीन फण्या अशा माझ्या डोक्यावर गेल्या. आमच्याकडे कुरळ्याला कुरडे म्हणतात, त्यामुळे पोरींना माझं नाव ठेवायला फार डोकं चालवावं लागलं नाही. त्या मला कुरोडी म्हणत. उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या करतात त्या कुरोड्या, तळल्या की फुलून येतात त्या.

आम्ही कारंजा घाडग्यात राहायचो. नागपूर-अमरावती रस्त्याला लागून बाबांचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या. बाजूला एक ओटा होता, त्याचं तोंड रस्त्याकडे. रविवारी माय मला न्हाऊ घालायची आणि मग त्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवायची. ती वरच्या पायरीवर. तिच्या दोन गुडघ्यांमध्ये माझे खांदे असे अडकवायची की मला पळता येऊ नये. पळायचा प्रयत्न मी दर रविवारी करायची.

‘बस ना व चूपचाप. ट्रका मोज,’ ती म्हणायची.

मी ट्रक मोजायची. नागपूरकडून येणारे आणि अमरावतीकडून येणारे, दोन्ही. डावी वेणी म्हणजे बारा ट्रक. उजव्या बाजूला गुंता कमी असायचा, ती नऊ-दहा ट्रकांत व्हायची. घरात घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी मला ते कळत नव्हतं. मायला वेणी घालायला किती वेळ लागायचा हे मी आजही ट्रकांतच सांगू शकते.

मायचे स्वतःचे केस सरळ होते. बाबांचेही. मी कोणावर गेले होते कोण जाणे. म्हणजे मायलाही हे केस कोणी शिकवले नव्हते, ती माझ्याच डोक्यावर शिकली होती. काय शिकली ते मात्र मला कधी दिसलं नाही, कारण सगळं माझ्या पाठीमागं चालायचं. मी रस्ता पाहायची. मागून पाण्याच्या लोट्याचा आवाज यायचा, ओले हात कानाला लागायचे, कधी डावा कान जोरात ओढला जायचा आणि ती लगेच त्याच्यावर फुंकर घालायची. खोबरेल तेलाची लहानशी बाटली होती, तिचं बूच ती दातांनी काढायची. एवढंच मला ठाऊक. तिनं घातलेल्या वेण्या आठ-आठ दिवस जागच्या हलायच्या नाहीत, आणि ते कसं हे मी तिला कधी विचारलं नाही. आठ वर्षांची पोर असलं काही विचारत नाही.

त्या उन्हाळ्यात मायला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग हात. गावातल्या सगळ्यांनी जे जे सांगितलं ते ते बाबांनी केलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. रविवार आला आणि मी तिच्या मागं लागले. गल्लीत एक लग्न होतं आणि मला लाल रिबिनींच्या वेण्या हव्या होत्या. बाबा म्हणाले, ‘तिले पडू दे.’ मी पाय आपटले. मी पहिल्यापासून हट्टी आणि तापट, आणि कोणी नाही म्हटलं की दुप्पट. शेवटी माय उठली. भिंतीला धरत धरत ओट्यावर आली आणि वरच्या पायरीवर बसली.

त्या दिवशी डावी वेणी संपता संपेना. बारा झाले, पंधरा झाले, अठरा ट्रक झाले. लग्नाच्या मांडवात वाजंत्री सुरू झाली होती. ‘लवकर कर ना व माय,’ मी ओरडले. आणि खरंच, उजवी वेणी तिनं पटकन केली. माझं ऐकलं म्हणून मला केवढा आनंद झाला. ‘झालं, जाय,’ ती म्हणाली, आणि मी मागं वळून न पाहता टाळ्या पिटत पळाले.

दुसऱ्या दिवशी तिला वर्ध्याला दवाखान्यात नेलं. शुक्रवारी ती गेली.

त्यानंतरच्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. बाया आल्या, स्वयंपाक शेजारून येत होता, बाबा दुकानातल्या टायरवर बसून होते. आठवतं ते हे, की वडनेरहून आत्या आली होती आणि तिनं माझ्या वेण्या सोडायला हात घातला. मी तिच्या हाताचा चावा घेतला. रक्त निघेपर्यंत घेतला. त्या वेण्या मायनं घातल्या होत्या. माय आता परत घालणार नव्हती, एवढं मला समजलं होतं. मग त्या सोडायच्या कशाला?

आत्या समजूतदार होती. म्हणाली, ‘राहू द्या दादा, दोन-चार दिवसांनं पोरगी आपणच येईन सांगाले.’ मी गेले नाही. तेरावं झालं, आत्या वडनेरला परतली, तरी वेण्या तशाच. मी झोपतानाही त्यांच्यावर डोकं पडू देत नव्हते, पालथी झोपायची. डोक्याला पाणी लागू देत नव्हते. रिबिनींच्या वरचं सगळं मुळाशी गुंतत गेलं, खाज सुटली, उवा झाल्या. शेजारणी कुजबुजायला लागल्या की पोरीच्या डोक्यात जट धरते आहे, एकदा धरली की देवीची म्हणतात आणि मग कोणी कापू देत नाही. हे बाबांच्या कानावर गेलं आणि ते घाबरले.

बाबा अडलेल्या नट-बोल्टांतले माणूस होते. चाकाचा गंजलेला नट सुटत नसला की नवशिके त्याच्यावर जोर करतात आणि बोल्ट तोडतात. बाबा जोर करत नसत. तेल सोडायचं, उन्हात ठेवायचं, मुरू द्यायचं, उद्या परत सोडायचं. असा कोणताही नट त्यांच्या हातून तीन-चार दिवसांत सुटायचा. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, ‘मी खोलत नाई तुह्या येण्या. आईच्यान. फक्त तेल सोडतो. मंग त्या आपल्याच ढिल्या होतीन.’

खोलत नाही म्हणाले म्हणून मी कबूल झाले.

मायची खोबरेलची बाटली रिकामी होती. स्वयंपाकघरात तेलाचं पिंप होतं, त्यातलं त्यांनी वाटीभर काढलं. आमच्या भागात तेव्हा पुष्कळ घरांत जवसाचं तेल खात. बाबांनी जन्मात चुलीकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी तेल म्हणजे तेल. दहा-बारा दिवस रोज दुपारी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि दोन्ही वेण्यांना मुळापासून टोकापर्यंत जवसाचं तेल पाजलं. वर वैशाखाचं ऊन. इतक्या हलक्या हातानं ते करायचे की मला झोप यायची. खरं सांगायचं तर माय गेल्यापासून मला तेवढंच बरं वाटत होतं.

पहिले काही दिवस वेण्या नुसत्या चिकट झाल्या. धूळ बसली, माशी बसली तरी चिकटायची. मग त्या ताठ व्हायला लागल्या. एक दिवस मी मान वळवली आणि वेणी दाराच्या चौकटीवर आपटून टक् असा आवाज आला. बाबांनी ती हातात धरून वाकवून पाहिली. वाकली नाही. त्यांचा चेहरा मला दिसत होता, कारण या वेळी ते माझ्यासमोर उभे होते.

बाबांनी मला न्हाव्याकडे नेलं. त्यानं वेणीचा नुसता वास घेतला. ‘जवसाचं हाय का हे? अरे बापा, हे तं वाळते! लोकं नांगराच्या दांड्याले लावते हे, पोरीच्या डोक्शाले नाई.’ त्यानं कात्री घातली, कात्री चालेना. शेवटी वस्तरा घेतला. दोन्ही वेण्या मुळापासून निघाल्या आणि उरलेलं डोकं त्यानं गुळगुळीत केलं. मी ओरडले नाही. घरी आल्यावर ओरडले. ‘मायच्या येण्या तुमी मारल्या,’ मी बाबांना म्हटलं. आठ वर्षांच्या तोंडात हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. बाबा उठले आणि जवसाचं ते पिंप त्यांनी शेजारच्या गोठ्याकडच्या उकिरड्यावर रिकामं केलं. त्यानंतर आमच्या घरात जवसाचं तेल कधी आलं नाही.

मी त्यांना माफ केलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. केस परत आले, बोटभर, मग वीतभर, आधीपेक्षाही जास्त वळ्या घेऊन, आणि ज्या ज्या सकाळी ते आवरले नाहीत त्या त्या सकाळी मी बाबांवर डाफरले. आई नसलेल्या पोरीला शेजारणी सल्ले भरपूर देतात. रोज शंभरदा विंचर. तेलानं चोपडून टाक. काळ्या मातीनं धू, मऊ होतील. माती लावली तर ती वळ्यांमध्ये अशी बसली की चार न्हाण्यांनीही निघाली नाही, शाळेत बाकावर माझ्या डोक्यातून शेत गळत होतं. कुरोडी, कुरोडी, पोरी म्हणायच्या आणि मी मारामारी करायची.

बाबा न विचारता काहीबाही करत राहायचे. एकदा त्यांनी नवा प्लास्टिकचा कंगवा आणला, दुकानात बसले आणि पकडीनं त्याचा एक सोडून एक दात मोडून काढला. मोडलेल्या जागा ट्यूब घासायच्या कानशीनं घासून साफ केल्या. तो कंगवा माझ्या केसांतून गेला. जगातला पहिला कंगवा, जो माझ्या केसांतून गेला. मी बाबांना काही म्हटलं नाही, पण तो दप्तरात घालून ठेवला. आणखी एकदा त्यांनी भंगारातल्या ट्रकचे दोन बाजूचे आरसे आणले. एक दाराच्या चौकटीला ठोकला, दुसरा समोरच्या खांबाला, आणि दोघांना असं वळवलं की मला माझं मागचं डोकं दिसावं. माझं डोकं पाठीमागून कसं दिसतं हे मला दहाव्या वर्षी कळलं. तिथं मायचे हात मात्र नव्हते. ते पाहायचं राहूनच गेलं होतं.

बाकीचं आत्यानं शिकवलं, तेही तिला न कळता. ती दर उन्हाळ्यात कुरोड्या करायला यायची. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक शिजवायचा आणि साच्यातून खाटेवरच्या धोतरावर पाडायच्या. माझं काम साच्यात चीक भरायचं आणि मग राखणीचं. एका वर्षी मी नुकतीच न्हाऊन आले होते आणि ओल्या कुरोडीला बोट लावून पाहत होते. आत्यानं हातावर चापट मारली. ‘वाळेलोक हात नाई लावा लागत व! ओलं असताना छेडलं की तुटते, मंग त्याचा चुराच होते.’ माझे दोन्ही हात चिकानं बरबटले होते, त्यामुळे मी डोक्यालाही हात लावू शकत नव्हते. एरवी ओले केस मी टॉवेलनं खसाखसा पुसायची, झटकायची, विंचरायची. त्या दुपारी नाही. खाटेवर कुरोड्या वाळल्या आणि खाटेजवळ मी वाळले. संध्याकाळी आरशात पाहिलं तर एकेक वळी जागच्या जागी, सुटी, चकचकीत. मी आत्याला मिठी मारली. तिला वाटलं मला भूक लागली आहे.

तेव्हापासून माझी रीत ठरली. विंचरायचं ते ओलं असताना, बाबांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर. मग हात मागं बांधून बसायचं. पुढं वर्ध्याला शिकायला गेले, लग्न होऊन सिंदी मेघ्यात राहायला गेले, तरी रीत तीच. सासूबाई पहिल्यांदा घाबरल्या, मग त्यांना सवय झाली. केसांशी माझं भांडण संपलं. एक गोष्ट मात्र जमली नाही. वेणी. मी घातलेली तिपेडी वेणी संध्याकाळपर्यंत भुसभुशीत व्हायची, बाजूनं केस बाहेर यायचे. मायची आठ दिवस राहायची. मी घट्ट घालून पाहिली, तेल लावून पाहिली, बारीक बारीक पेड घेऊन पाहिली. ट्रकचे ते दोन्ही आरसे मी सासरी घेऊन गेले होते. तासन्‌तास त्यांच्यामध्ये बसून मी माझ्याच मानेच्या मागं मायची रीत शोधत असायची. ती जमली असती तर माय थोडीशी परत आली असती, असं मला वाटायचं. हसू नका, वाटायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा बाबांचे गुडघे कामातून गेले. ट्रकचं चाक उचलणं होईना. दुकान बंद करायचं ठरलं आणि मी आवराआवरी करायला कारंज्याला गेले. बाबा ओट्यावर बसून होते, मी आतून एकेक सामान आणून त्यांना दाखवत होते, ते ठेव किंवा फेक म्हणत होते. फळीवर अगदी मागं ट्यूबच्या ठिगळांचा एक पत्र्याचा डबा होता. तो मी उघडला.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वेण्या होत्या. लाल रिबिनी तपकिरी पडल्या होत्या. डबा उघडताच तोच उग्र, शिळा, जवसाचा वास आला.

‘बाबा, हे काऊन ठेवलं?’

बाबांनी डब्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाले, ‘मीनंच खराब केल्या होत्या ना. मंग फेकू कशा?’

मी त्यांच्यापाशी पायरीवर बसले. पंधरा वर्षं जो राग मी जपला होता तो शोधू लागले तर सापडेना. एक वेणी उचलून मांडीवर घेतली. डावी. लाकडासारखी कडक. केस जसेच्या तसे, एकही पेड हललेला नाही. केसांच्या वेणीला कोणी जपून जपून किती जपेल? माझ्या हट्टानं ती महिनाभरही टिकली नसती. बाबांच्या चुकीनं ती पंधरा वर्षं टिकली होती.

आणि मला दिसलं. माय पेड नुसतेच गुंफत नव्हती. प्रत्येक पेड ती आधी आपल्यापुरता पिळून घ्यायची, वळ्या ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला, आणि मग ते तीन पीळ एकमेकांत घालायची. म्हणून वेणी सुटत नव्हती. किती सोपं होतं. इतकी वर्षं मी दोन आरशांत जे शोधलं ते या डब्यात पडलं होतं. मी रडायला लागले. बाबांना वाटलं मी पुन्हा रागावले, ते उठायला लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

मग उजवी उचलली.

वरचे चार विळखे डावीसारखेच होते, घट्ट, पिळलेले. पाचव्यापासून पीळ नाही. पेड नुसतेच एकावर एक टाकलेले. त्याच्या खाली तेही नाही. अर्ध्याहून अधिक केस तसेच मोकळे सोडलेले, आणि ते मोकळे दिसू नयेत म्हणून त्यांच्यावरून रिबीन गोल गोल गुंडाळत शेवटापर्यंत नेलेली. गाठ दातांनी ओढून मारलेली असावी, रिबिनीवर दातांचे व्रण होते.

मी म्हटलं म्हणून तिनं लवकर केली, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

रस्त्यावरून अमरावतीकडचा एक ट्रक गेला. मग नागपूरकडचा एक. मी वेणी मांडीवर धरून रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

‘काय करून राह्यली व?’ बाबांनी विचारलं.

‘ट्रका मोजून राह्यली,’ मी म्हटलं. लग्नाच्या त्या रविवारी उजव्या वेणीला पाचच ट्रक झाले होते.